मशीन घरात आली, पण दम आवरायला कोण शिकवणार?

बेळगाव : कोविडच्या दुसऱ्या लाटेने २०२१ च्या उन्हाळ्यात घराघरांत दोन वस्तू ओळखीच्या करून दिल्या. एक बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, दुसरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. लाट गेली, वस्तू राहिल्या. आज फुप्फुसाच्या कॅन्सरचा पेशंट कोल्हापूर, मिरज, हुबळी किंवा बांबोळीहून उपचार घेऊन घरी येतो, अंगणापर्यंत चालला तरी त्याला दम लागतो, आणि घरचे पहिला फोन मशीन भाड्याने देणाऱ्याला करतात. नाकाला नळी लागली की शेजारीपाजारी म्हणतात, 'आता काय काळजी नाही बघा.' पण दम कमी होत नाही. ऑक्सिमीटर ९५ दाखवतो आणि पेशंट म्हणतो, जीव घाबरा होतोय. मग घरच्यांना वाटतं, एक तर मशीन बिघडलीय, नाहीतर मामा उगाच करताहेत.

बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. रक्तात ऑक्सिजन किती आहे ही एक गोष्ट आणि दम लागल्याची जाणीव ही दुसरी. ही जाणीव मेंदू ठरवतो. छातीचे स्नायू किती राबताहेत, त्या मानाने हवा किती आत येतेय, आणि माणूस किती घाबरलाय, याचा तो सतत हिशेब करत असतो. कष्ट जास्त आणि हवा कमी असा तोटा दिसला की मेंदू घंटा वाजवतो. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये असा तोटा होण्याची कारणं बरीच. गाठीने श्वासनळी दाबली गेलेली असते, फुप्फुसाभोवती पाणी साठलेलं असतं, केमोने रक्त कमी झालेलं असतं, महिना-दीड महिना अंथरुणावर काढल्याने मांड्या-पोटऱ्यांतली ताकद गेलेली असते. वर्षानुवर्षं विडी ओढणाऱ्याची फुप्फुसं कॅन्सरच्या आधीच खराब झालेली असतात. यातल्या बऱ्याच गोष्टींवर जादा ऑक्सिजनचा उपयोग नसतो.

हे तपासूनही झालंय. २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि ब्रिटनमधले २३९ पेशंट त्यात होते. सगळ्यांचे आजार गंभीर, बरे न होणारे. दम भरपूर, पण रक्तातला ऑक्सिजन घरी मशीन लावावी इतका खाली गेलेला नव्हता. सगळ्यांच्या घरी मशीन दिली. निम्म्यांच्या नळीतून ऑक्सिजन यायचा, निम्म्यांच्या नळीतून साधी हवा. कोणाला काय मिळतंय ते पेशंटला माहीत नव्हतं. रोज किमान १५ तास, सात दिवस. शेवटी दोन्ही गटांना थोडं बरं वाटलं, आणि ते सारखंच वाटलं. ऑक्सिजनवाल्यांना काही जास्त फायदा झाला नाही.

यावरून कोणी उठून पेशंटची नळी काढू नये. ज्याचा ऑक्सिजन खरंच ९० किंवा त्याखाली राहतो त्याला मशीन लागते आणि ती डॉक्टरच्या सांगण्यावरूनच लावायची-काढायची. प्रश्न उरलेल्यांचा आहे. ज्यांचा आकडा ठीक आहे आणि दम तरीही लागतो, त्यांच्या घरातला पैसा मशीनवर जातोय आणि ज्याचा खरंच उपयोग आहे ते त्यांना कोणी सांगत नाही.

पैशाचाही हिशेब मांडून बघावा. पाच लिटरची मशीन साधारण ३५० वॅट खाते. दिवसाला १५ तास चालली तर सव्वापाच युनिट, महिन्याला १५७. चोवीस तास चालली तर महिन्याला २५२ युनिट. कर्नाटकात गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत वीज मोफत आहे, पण ती घराच्या जुन्या सरासरी वापरावर थोडी जादा एवढीच. त्याच्या वर गेलेल्या युनिटचे पैसे भरावे लागतात, आणि वापर २०० च्या वर गेला की सवलत जाऊन पूर्ण बिल येतं. ज्या घराची सरासरी साठ-सत्तर युनिट, तिथे मशीन पंधरा तास चालली तरी ही रेघ ओलांडली जाते. म्हणजे मशीनचं भाडं अधिक गेलेली वीजसवलत. शिवाय खानापूरच्या पश्चिमेला पावसाळ्यात वीज गेली की मशीन बंद पडते आणि नुसत्या भीतीनेच पेशंटचा दम दुप्पट होतो.

पंखा, फुंकर आणि कट्टा

आता उपयोग कशाचा होतो ते. यादीत सगळ्यात वर जी वस्तू आहे ती ऐकून लोक हसतात. हातात धरायचा छोटा पंखा. बॅटरीवर चालणारा, दोनशे-तीनशे रुपयांना मिळणारा. तोंडापासून वीतभर अंतरावर धरून गार वारा गालांवर, नाकावर आणि वरच्या ओठावर घ्यायचा. चेहऱ्यावरची जी नस हा गारवा मेंदूला कळवते, तिच्यामुळे मेंदूची 'हवा कमी पडतेय' ही हाकाटी खाली येते. ब्रिटनमध्ये ५० पेशंटवर हे करून पाहिलं. पाच मिनिटं पंखा चेहऱ्यावर, आणि दुसऱ्या खेपेला पाच मिनिटं पायावर. चेहऱ्यावर धरल्यावर दम कमी झाला. हाही अभ्यास २०१० सालचाच. त्यानंतरचे अभ्यासही छोटेच आहेत आणि गुण प्रत्येकाला सारखा येत नाही, पण अपाय नाही आणि खर्च नाही. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली दमाबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात चेहऱ्यावरचा हा वारा आहे. छताचा पंखा जोरात सोडणं म्हणजे हे नव्हे. हातातल्या पंख्याचा आणखी एक फायदा आहे. तो पेशंटच्या स्वतःच्या हातात असतो. रात्री दोनला दम लागला तर कोणाला उठवावं लागत नाही, उशीखालचा पंखा काढला की झालं. दम लागलेल्या माणसाला आपल्या हातात काहीतरी आहे हे वाटणं औषधाइतकंच कामाचं असतं.

दुसरी गोष्ट बसण्याची. दम लागला की आपल्याकडे पेशंटला आधी आडवं करतात. 'झोपा, झोपा, पडून राहा.' हे उलटं आहे. आडवं पडल्यावर पोट वर सरकतं आणि छातीला जागा कमी पडते. खुर्चीवर बसून थोडं पुढे झुकायचं, कोपर मांड्यांवर किंवा समोरच्या टेबलावर टेकायचे, खांदे सैल सोडायचे. उभं असेल तर स्वयंपाकघराचा कट्टा, खिडकीची चौकट, जिन्याचा कठडा, काहीही चालतं. हात टेकले की छातीचे वरचे स्नायू श्वासाच्या कामाला मोकळे होतात. रात्री झोपताना दोन-तीन उशांची उतरण करून कुशीवर.

तिसरी फुंकर. बशीतला चहा गार करताना आपण जशी फुंकर घालतो तशी. नाकाने श्वास घ्यायचा, मग ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. घाबरलेला माणूस भराभर घेत राहतो आणि सोडायचं विसरतो, त्यामुळे जुनी हवा आतच अडकते. ज्यांची फुप्फुसं विडीने आधीच फुगलेली आहेत त्यांना याचा जास्त उपयोग. कोणाला याने उलट कोंडल्यासारखं वाटलं तर सोडून द्यावं, जबरदस्ती नाही. इथे एक सांगायला हवं. टीव्हीवर बघून कपालभाती किंवा भस्त्रिका करायला लावणारे नातेवाईक जवळपास प्रत्येक घरात असतात. जोरजोरात आणि भराभर श्वास हाच ज्याचा त्रास आहे, त्याला तोच करायला लावण्यात काय मतलब?

दम हा एकट्या फुप्फुसाचा प्रश्न नाही, हे केंब्रिजच्या डॉक्टरांनी तीन चक्रं सांगून चांगलं समजावलंय. श्वास उथळ होतो, त्याने दम वाढतो, हे एक. 'आता मरतोय' असा विचार येतो, भीतीने श्वास आणखी भराभर होतो, हे दुसरं. आणि दम लागतो म्हणून माणूस हालचाल बंद करतो, स्नायू गळतात, मग संडासला गेलं तरी दम लागतो, हे तिसरं. मशीन यातल्या एकाही चक्राला नीट हात लावत नाही. उलट सात मीटरच्या नळीने माणसाला खोलीत बांधून तिसरं चक्र पक्कं करते.

भीतीच्या चक्रात घरच्यांचा वाटा मोठा. पेशंटला दम लागला की अख्खं घर त्याच्याभोवती. एक पाणी आणतो, एक पाठ चोळतो, एक रडतो, तिघं विचारतात 'काय होतंय?' ज्याला श्वास पुरत नाही त्याने उत्तर कसं द्यायचं? एकानेच जवळ बसावं, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर, खिडकी उघडावी, पंखा हातात द्यावा आणि आपण स्वतः सावकाश श्वास घेत राहावं. पेशंटचा श्वास हळूहळू त्या लयीला येतो. उदबत्ती, धूप, फोडणीचा खकाणा, परसातली चूल, ही सगळी त्या खोलीपासून लांब ठेवावीत. भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं हा अवघड प्रश्न आहे. माणसं येतात ती मायेनेच येतात. पण एका वेळी दहाजण आणि प्रत्येकाशी बोलणं, हे काम त्या माणसाला जिना चढण्याइतकं पडतं.

थकवा विश्रांतीने जात नाही

फुप्फुसाच्या कॅन्सरमधला थकवा शेतात राबून आल्यावरच्या थकव्यासारखा नसतो. तो झोपून उठल्यावरही तसाच असतो. म्हणूनच 'आराम करा' हा सल्ला अपुरा पडतो, आणि फार झाला तर घातक ठरतो. २०१७ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या आढाव्यात ११३ अभ्यास एकत्र तपासले गेले, पेशंट होते साडेअकरा हजार. वेगवेगळ्या कॅन्सरच्या पेशंटचा थकवा कशाने उतरतो, हा प्रश्न. व्यायाम आणि मानसोपचाराच्या पद्धती, दोन्ही गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या.

व्यायाम म्हणजे इथे काय? दारापासून गेटपर्यंत चालणं, थांबणं, परत येणं. दुसऱ्या दिवशी तेवढंच. आठवड्याने पाच पावलं जास्त. बोलता येईल इतपतच दम लागला पाहिजे. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठणं-बसणं हा घरातल्या घरात होणारा मांड्यांचा व्यायाम. हाडांत कॅन्सर पसरला असेल किंवा रक्तातल्या पेशी खूप कमी असतील तर आधी डॉक्टरला विचारायचं. आणि थकव्याच्या मुळाशी रक्त कमी असणं, थायरॉईड, झोप न होणं, वेदना, उदासी यांतलं काही आहे का ते तपासून घ्यायचं, कारण त्यांवर सरळ इलाज आहेत.

उरलेलं काम ताकदीच्या बजेटचं. दिवसाला शंभर रुपये मिळत असतील तर सकाळी अंघोळीतच ऐंशी संपवायचे का? स्टूलवर बसून अंघोळ, टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी अंगाभोवती गुंडाळून बसणं, अंघोळ आणि जेवण यांत तासाभराचं अंतर, एकदम भरपूर जेवण्याऐवजी थोडं थोडं. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं हे दमाच्या पेशंटचं दिवसातलं सगळ्यात अवघड काम असतं, आणि लाजेपोटी ते कोणी डॉक्टरला सांगत नाही. हजार-दोन हजारांची कमोड खुर्ची कित्येक घरांत मशीनपेक्षा जास्त सुख देते. वाचलेली ताकद ज्यात मन रमतं त्यासाठी ठेवायची. कोणाला नातवाला सोडायला कोपऱ्यापर्यंत जायचं असतं, कोणाला देवळात.

हे सगळं औषधांच्या जागी नाही, औषधांच्या जोडीला आहे. अचानक वाढलेला दम, छातीत दुखणं, एकाच पायाला सूज, तोंड आणि मान सुजणं, थुंकीतून रक्त, ताप, निळे पडलेले ओठ किंवा ऑक्सिमीटरचा आकडा ९० च्या खाली, यातलं काही दिसलं की पंखा बाजूला ठेवून हॉस्पिटल गाठायचं. फुप्फुसाभोवतीचं पाणी काढलं की तासाभरात बरं वाटतं, ते फुंकरीने होणार नाही. आणि पुढच्या टप्प्यावर अगदी कमी मात्रेतलं मॉर्फिन डॉक्टर देतात, तेव्हा 'अफू देताहेत' म्हणून घाबरायचं कारण नाही.

खरा खर्च वेळेचा

या सगळ्या गोष्टी साध्या आहेत, मग अडतंय कुठे? त्या शिकवाव्या लागतात, इथे. ब्रिटनमध्ये १९९९ सालीच हे दाखवून दिलं गेलं होतं. तिथल्या सहा ठिकाणच्या ११९ फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटपैकी अर्ध्यांना नेहमीची सेवा दिली, अर्ध्यांना नर्सच्या क्लिनिकमध्ये दर आठवड्याला बोलावलं. तिथे नर्सने श्वास आवरायला, कामाची विभागणी करायला, अंग सैल सोडायला शिकवलं आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. आठ आठवड्यांनी क्लिनिकला जाणाऱ्यांचा दम, हिंडणं-फिरणं आणि मनःस्थिती, तिन्ही चांगलं होतं. यात नवीन यंत्र काहीच नव्हतं. होता तो शिकलेल्या नर्सचा वेळ.

आणि वेळेला आपल्या योजनांत रकाना नाही. केंद्राची आयुष्मान योजना मुळात हॉस्पिटलात दाखल होण्यासाठी आहे, डिस्चार्जनंतरचे १५ दिवस तीत धरले जातात. फुप्फुसाच्या कॅन्सरचा दम सोळाव्या दिवशी थांबत नाही. महाराष्ट्राने २०२३ साली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटकाने त्याला विरोध केला, दोन्हीकडून निवेदनं झडली. त्या भांडणात एक गोष्ट बाजूलाच राहिली. तीही योजना ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांच्या पॅकेजची आहे. पेशंटला कोणत्याही बाजूचं कार्ड मिळालं तरी घरी आल्यानंतरचा तास कोणाच्याच खात्यात नाही.

कागदावर मात्र बरंच आहे. पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, धोरण केरळने २००८ साली केलं, महाराष्ट्राने २०१२ ला, कर्नाटकाने २०१६ ला. केरळात पंचायतीच्या पाठबळावर नर्स घरोघर जातात. इकडे २०१८ पासून उपकेंद्रांवर वेलनेस सेंटरचे आणि आता आयुष्मान आरोग्य मंदिराचे फलक लागलेत. त्यांच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा लिहिलेली आहे. सीमाभागातल्या लोकप्रतिनिधींनी आपल्या उपकेंद्रात जाऊन ही सेवा गेल्या महिन्यात किती घरी पोचली एवढं विचारलं तरी चित्र स्पष्ट होईल. बेळगावात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, केएलईचं कॅन्सर हॉस्पिटल २०२५ च्या सुरुवातीला राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झालं, फिजिओथेरपीचं आणि नर्सिंगचं शिक्षण शहरातच मिळतं. म्हणजे माणसं आहेत. आठवड्यातून एक दुपार दमाच्या पेशंटसाठी राखून ठेवायला नवी इमारत लागत नाही.

लोकांची अडचण अशीही आहे की पॅलिएटिव्ह हा शब्द ऐकला की घरचे समजतात, डॉक्टरांनी हात टेकले. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवरचा २०१० सालचा अभ्यास याच्या उलट सांगतो. निदान झाल्याबरोबर कॅन्सरच्या उपचारासोबत ही सेवा ज्यांना मिळाली, त्यांचे दिवस जास्त सुखाचे गेले, उदासी कमी होती, आणि आयुर्मानही मध्यमान ११.६ महिने निघालं. ज्यांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले त्यांचं ८.९. भारतात २०२२ साली फुप्फुसाच्या कॅन्सरचे नवे पेशंट सुमारे ८१ हजार आणि मृत्यू सुमारे ७५ हजार असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेचा अंदाज आहे. हे दोन आकडे इतके जवळ आहेत की बहुतेकांसाठी प्रश्न उरलेल्या महिन्यांचाच असतो. निपाणीच्या तंबाखूला भाव मिळावा म्हणून १९८१ साली झालेलं आंदोलन सीमाभाग विसरलेला नाही. त्याच तंबाखूची विडी ओढलेल्यांच्या आणि आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या छातीचं पुढे काय झालं, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

शेवटी भाषा. मराठीत कागदपत्रं मिळावीत ही इथली जुनी मागणी. ती उतारे, नोटिसा, बसच्या पाट्या यांच्याभोवती फिरते आणि ते बरोबरच आहे. पण डिस्चार्ज कार्डावरच्या सूचना इंग्रजीत आणि नर्स कन्नडात समजावतेय, तेव्हा येळ्ळूरच्या किंवा जांबोटीच्या सत्तरीतल्या आजीच्या डोक्यात काय शिरणार? श्वास कसा सोडायचा हे घाबरलेल्या माणसाला त्याच्याच भाषेत सांगावं लागतं. एका पानाचं, चार चित्रांचं मराठी पत्रक छापायला सरकारी आदेश लागत नाही. हॉस्पिटल करू शकतं, गल्लीतलं गणेशोत्सव मंडळही करू शकतं, फक्त मजकूर डॉक्टरकडून तपासून घ्यायला हवा.

तोपर्यंत डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीकडे जायच्या आधी घरच्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात. ऑक्सिजन खरंच लागणार आहे का, आणि कोणत्या आकड्याखाली? फिजिओथेरपिस्ट अर्धा तास देऊन श्वास, बसणं आणि चालणं दाखवून देतील का? आणि रात्री दम वाढला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा? दाखवत असताना मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवावा, विचारून. छोटा पंखा गणपत गल्लीत, खडेबाजारात मिळतो. घेताना मऊ पात्यांचा आणि चार्जिंगचा बघावा, आणि दोन घ्यावेत, एक उशाला आणि एक संडासाच्या वाटेवर.